‘शकट’ आणि ‘गाडा’ : एका जुन्या शब्दाचा अर्थ व उगम

शेतकऱ्याच्या घरीं जुनें दफ्तर असतें. वांटणीचा कागद, खरेदीखत, एखादी जुनी कबुलायत असे कागद त्यांत बांधून ठेविलेले असतात. आणि त्यांत कोठें तरी “पूर्वेस गाडवाट”, “शेतांतून गाडी नेण्याची वहिवाट”, “पेंढा चार गाडे” असे शब्द आढळतात. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील पुष्कळ घरांत आज बैलगाडी उरलेली नाहीं. पडवींत एखादें मोडकें चाक टेकून ठेविलेलें असेल तेवढेंच. परंतु गाडी गेली तरी तिचा शब्द कागदांत राहिला आहे, आणि त्याच्या अर्थावरून भाऊबंदांत व बांधाच्या शेजाऱ्यांत तंटे उभे राहत आहेत. गाडवाट म्हणजे किती रुंद वाट? तिजवरून ट्रॅक्टर नेतां येईल कीं नाहीं? गाडा म्हणजे किती माल? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यापूर्वीं तो शब्द कोठून आला व त्याच्या पोटांत काय काय सांठविलें आहे हें समजून घेणें अवश्य आहे. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वस्तु शब्दाहून जुनी

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गाडी ही वस्तु आपल्यास ठाऊक असलेल्या कोणत्याही शब्दाहून जुनी आहे. आपल्या तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रि ओलांडून गेलें म्हणजे प्रवरेच्या कांठीं दायमाबाद नांवाचें स्थान लागतें. तेथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका शेतकऱ्यास कांशाच्या कांहीं मूर्ति सांपडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक लहानसा रथ आहे व त्यांत हांकणारा पुरुष उभा आहे. या मूर्ति साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वींच्या असाव्यात असें मानितात. परंतु तो हांकणारा आपल्या वाहनास कोणत्या नांवानें हांक मारीत होता, हें त्या कांशावर लिहिलेलें नाहीं. नांव कळण्यासाठीं आपणांस ग्रंथांकडे व शिलालेखांकडेच वळलें पाहिजे.

वेदकाळीं गाडीस ‘अनस्’ असा शब्द होता. तो मराठींत उतरला नाहीं. परंतु त्यावरून झालेला बैलाचा वाचक शब्द ‘अनडुह्’ संस्कृतांत टिकून राहिला. अनस् म्हणजे गाडी आणि वह् म्हणजे वाहणें. गाडी वाहून नेणारा तो अनडुह्. बैलाची ओळखच गाडीवरून ठरली होती, हें यावरून दिसतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अरण्यानीचें म्हणजे रानदेवतेचें एक सूक्त आहे, त्यांत ‘शकटी’ हा दुसरा शब्द येतो. सायंकाळच्या वेळीं रानांत जे आवाज उठतात त्यांस तेथें गाडीची उपमा दिली आहे. तानसेच्या रानांतून भरलेली लांकडाची गाडी दिवेलागणीस कुरकुरत खालीं येतांना ज्यानें ऐकली असेल, त्यास ही उपमा समजावून देण्याचें कारण नाहीं.

हाच ‘शकट’ शब्द पुढें संस्कृतांत रूढ झाला. पाणिनीनें आपल्या व्याकरणांत शकट ओढणाऱ्या बैलास ‘शाकट’ म्हणावें असा नियम सांगितला आहे. जुने वैयाकरण शकट शब्दाची व्युत्पत्ति ‘शक्’ म्हणजे समर्थ असणें या धातूपासून करितात; जें ओझें वाहण्यास समर्थ तें शकट, असा त्याचा भाव. अर्वाचीन भाषापंडितांस ही व्युत्पत्ति निःसंशय वाटत नाहीं. शब्दाचा खरा उगम आर्यभाषांच्या बाहेर असावा असेंही कित्येकांचें मत आहे. तथापि शब्दाचा अर्थ मात्र कधीं बदलला नाहीं. शकट म्हणजे लढाईचा वा मिरवणुकीचा रथ नव्हे. शकट म्हणजे धान्याचें, लांकडाचें, सामानाचें ओझें वाहणारी गाडी. कृष्णानें लाथेनें उलथून दिलेला शकटासुर याच जातीचा. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांव मातीच्या शकटावरूनच पडलें आहे. तें नाटक गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणिल्यामुळें हा शब्द घरोघर पोंचला. इतकेंच नव्हे, तर ज्या रोहिणी नक्षत्रांत आपण पेरणीची तयारी करितों त्याच्या तारकांची आकृतिही आपल्या ज्योतिषांत शकटाचीच मानिली आहे. शनि किंवा मंगळ तो शकट भेदून गेला तर जगावर अनर्थ ओढवतो, असें वराहमिहिरानें बृहत्संहितेंत लिहून ठेविलें आहे. गाडा मोडणें याहून मोठें संकट शेतकऱ्याच्या देशांत कल्पितां आलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

नाणेघाटांतील ‘सकट’

या शब्दाचा आपल्या भागाशीं जो थेट संबंध आहे तो नाणेघाटांत. मुरबाडहून वैशाखऱ्यापर्यंत जाऊन डोंगर चढूं लागलें म्हणजे जुन्नरच्या पठारावर निघण्यापूर्वीं घाटमाथ्याशीं एक कोरीव लेणें लागतें. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील मोठा प्राकृत लेख आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा हा लेख १८८३ सालीं ब्यूलर नांवाच्या जर्मन पंडितानें वाचून प्रसिद्ध केला. त्यांत केलेल्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, चांदीचीं भांडीं व हजारों कार्षापण नाणीं अशी ती यादी असून मोजदाद अंकांत लिहिली आहे. लेखाच्या ओळी जागोजाग फुटल्या आहेत. तरीही त्यांत ‘सकट’ हा शब्द वाचला गेला आहे आणि त्याच्या लगतच धान्याच्या राशीचा उल्लेख आहे. हा सकट म्हणजे संस्कृतांतील शकट. लोकांच्या बोलण्यांत ‘श’ चा ‘स’ झाला, एवढाच फरक. आज आपण “मुळासकट” म्हणतों त्यांतील सकट निराळा. त्याच्याशीं याचा घोटाळा करूं नये.

येथें जाणत्या शेतकऱ्याच्या मनांत एक शंका येईल. ज्या घाटांत पायऱ्या चढून जावें लागतें, तेथें गाडी कशी आली? शंका रास्त आहे. नाणेघाटानें गाडी कधीं चढली नाहीं व उतरली नाहीं. कल्याण बंदर व जुन्नर यांमधील माल या वाटेनें बैलांच्या पाठीवरून जात असे. पुढें लमाणांचे तांडेही गोण्या लादून असल्याच घाटवाटांनीं ये-जा करीत. माथ्यावर जो दगडी रांजण आहे तो जकातीचीं नाणीं टाकण्याचा, अशी लोकांची समजूत आहे. लेखांतील सकट हा घाटांतला नव्हे, तर दानाच्या यादींतला आहे. ती यादी जाणाऱ्या-येणाऱ्यांनीं वाचावी म्हणून रहदारीच्या जागीं कोरिली. दानाच्या यादींत सोन्यानाण्याबरोबर सकट व धान्याची रास जवळजवळ यावीं, ही गोष्ट त्या काळीं गाडीची योग्यता काय होती तें सांगते.

कोंकणपट्टींत गाडी सर्वत्र फिरूं लागली ती बांधीव रस्ते झाल्यानंतर. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरावरून गेला. आगगाडी १८५५ सालीं वाशिंदपर्यंत व १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आली. मग भात, गवत व इमारती लांकूड स्टेशनापर्यंत नेण्यास बैलगाडी ही गरजेची वस्तु झाली. रुळांवरील यंत्रासही आपल्या लोकांनीं ‘आगगाडी’ हेंच नांव दिलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. नवी वस्तु आली, पण शब्द जुनाच तिला जुंपला.

छकडा कसा झाला

शकटापासून पुढें काय झालें तें पाहूं. प्राकृतांत दोन स्वरांमधील ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ होतो. घटाचा घडा, वटाचा वड, कटकाचें कडें हीं उदाहरणें सर्वांच्या ओळखीचीं आहेत. तसाच मधला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ होतो. बक या पक्ष्याचा बगळा झाला तो याच वाटेनें. या दोन्ही नियमांनीं शकटाचें ‘सगड’ झालें आणि हें रूप जैनांच्या प्राकृत ग्रंथांत आढळतें.

मराठींतील ‘छकडा’ हाही याच कुळांतला मानितात. यांत आरंभींच्या ‘श’ चा ‘छ’ झाला आहे. शाव म्हणजे पिलूं याचा छावा होतो, तसाच हा प्रकार. छकडा म्हणजे हलकी, चपळ, थोड्या माणसांची गाडी. एके काळचा धान्याचा भार वाहणारा शकट छकडा होतांना अंगानें लहान झाला. मुंबईंतील इंग्रज बैलगाडीस ‘हॅकरी’ म्हणत. त्या शब्दाचें मूळ कित्येक कोशकार छकड्यांत शोधतात, तर कित्येक पोर्तुगीज भाषेंत.

गाडा निराळ्या कुळांतला

आतां आपला नेहमींचा शब्द ‘गाडा’. पुष्कळांची समजूत अशी कीं, संस्कृतांतील ‘गन्त्री’ म्हणजे चालणारी, बैलांनीं ओढावयाची गाडी, यावरून गाडी शब्द आला. अमरकोशांत शकटाबरोबर गन्त्री हा शब्द आहे, हें खरें. परंतु ध्वनींचा नियम या समजुतीस साथ देत नाहीं. संस्कृत ‘यन्त्र’ शब्दापासून आपल्या घरांतलें जातें झालें. ‘न्त्र’ चा ‘त’ झाला, ‘ड’ झाला नाहीं. त्याच नियमानें गन्त्रीची ‘गाती’ झाली असती. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत ‘देशीनाममाला’ रचिली. तींत ज्यांचें मूळ संस्कृतांत मिळत नाहीं असे लोकांच्या बोलींतले शब्द त्यानें गोळा केले आहेत, व त्यांतच ‘गड्डी’ हा शब्द घेऊन त्याचा अर्थ गन्त्री असा दिला आहे. म्हणजे गाडा-गाडी हे शब्द पंडितांच्या पोथींतून खालीं आले नसून शेतांतून वर गेले आहेत. मूळ ‘गड्ड’ यांतील जोडाक्षर सुटून मागचा स्वर दीर्घ झाला आणि गाडा बनला.

मोठा तो गाडा व लहान ती गाडी. विळा-विळी, दांडा-दांडी, लोटा-लोटी यांत जो भेद आपण करितों तोच हा. म्हणूनच मोठ्या कारभारास आपण गाडी न म्हणतां गाडा म्हणतों. संसाराचा गाडा, राज्याचा गाडा हे प्रयोग रोजचे आहेत. आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं खेड्याच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला तेव्हां त्यास ‘गावगाडा’ हेंच नांव दिलें.

अंगें तींच, नांवें तींच

गाडा शब्द देशी असला तरी गाड्याच्या अंगांचीं नांवें फार जुन्या घराण्यांतलीं आहेत. चक्राचें चाक झालें, युगाचें जूं झालें. जुंवाच्या खुंट्यांस आपण शिवळा म्हणतों, तो शब्द संस्कृत ‘शमिला’ यापासून आला. चाकाच्या मधल्या गड्ड्यास तुंबा म्हणतात तो त्याच्या भोपळ्यासारख्या आकारावरून. त्यांत बसविलेले आरे हे संस्कृतांतील ‘अर’. धुरेवर बसून हांकणारा तो धुरकरी, आणि मोठ्या कार्याच्या पुढाऱ्यास आपण धुरंधर म्हणतों तोही त्याच धुरेवरचा. वंगणाचा नळा गाड्यास टांगलेला असे व गाडा पंढरीस गेला कीं त्यालाही आयतीच यात्रा घडे. “गाड्याबरोबर नळ्याची यात्रा” ही म्हण त्यावरून निघाली. आज ती म्हण सर्व बोलतात, पण नळा कोणता हें तरुण मंडळींस ठाऊक नसतें. पौषी पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेंत बैलांचा बाजार भरतो. तेथें आलेल्या वृद्ध मंडळींकडून हीं नांवें मुलांनीं विचारून घ्यावीं, अशी आमची सूचना आहे.

गाडा म्हणजे ओझें

आतांपर्यंत गाडा म्हणजे वाहन हा अर्थ पाहिला. दुसरा अर्थ, गाड्यांत मावणारें ओझें. हाही नवा नव्हे. अमरकोशांत शंभर पलांची एक तुला, वीस तुलांचा एक भार आणि दहा भारांचा एक ‘आचित’ असें कोष्टक असून आचित म्हणजेच एका शकटाचें ओझें, असें सांगितलें आहे. म्हणजे शकटाचें ओझें वीस हजार पलांचें. पोथींत माप ठरलेलें होतें. परंतु व्यवहारांत गाडा हा गाडीवर, बैलांवर व वाटेवर अवलंबून असतो. सपाटीच्या थोराड बैलांचा गाडा व डोंगराच्या कडेच्या लहान चणीच्या बैलांचा गाडा हे सारखे नव्हेत. शेणखताची गाडी सामान्यतः अर्ध्या टनाची धरितात. तीच पेंढ्याची गाडी उंच रचली तरी वजनास पुष्कळ कमी भरते. आतां तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसही कित्येक “एक गाडी” म्हणतात, आणि ट्रॉलींत बैलगाडीच्या कित्येक पट माल मावतो. यास्तव खत, माती, पेंढा यांचा सौदा गाडीवर करावयाचा असेल तर गाडी कोणती व वजन किती, हें आधीं बोलून घ्यावें. कागद करावयाचा असेल तर किलो किंवा टनांतच लिहावें.

गाडा म्हणजे वाट

तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा. गाडा जेथून जातो ती वाट त्याच्या नांवानें ओळखली जाते. आणि वाट म्हणजे हक्क. गांवच्या नकाशांत पायमार्ग व गाडीमार्ग हे वेगळे दाखविलेले असतात. महसुली परिपाठाप्रमाणें पायमार्ग सव्वाआठ फुटांचा आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरितात. तेव्हां कागदांत पायवाट आहे कीं गाडवाट आहे, या एका शब्दानें रुंदी दुपटीनें बदलते. ज्यांच्या दफ्तरांत हा शब्द आहे त्यांनीं तो कागद जपून ठेवावा.

परंतु आपल्या भागांत एक विशेष अडचण आहे. येथील शेत भाताचें. पावसाळ्यांत खाचरांतून गाडी जात नसे. भात कापून झालें म्हणजे बांध उतरून, कोरड्या खाचरांतून, ज्याच्या त्याच्या सोयीनें गाड्या चालत. ही वाट मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतची. पुष्कळ ठिकाणीं ती नकाशांत नाहीं व कागदांतही नाहीं. ती केवळ शेजारधर्मावर चालत आली. आतां जेथें पाण्याची सोय झाली तेथें भातामागून भेंडी व दुसरा भाजीपाला होऊं लागला आणि बाराही महिने शेत पिकानें भरलेलें राहूं लागलें. जमिनी विकल्या गेल्या, नवे मालक आले, तारेचीं कुंपणें झालीं. ज्या वाटेनें आजोबांचा गाडा गेला तेथें नातवाचा ट्रॅक्टर अडतो. दोष केवळ नव्या मालकाचा नव्हे. जी वाट आपण कधीं लिहून घेतली नाहीं ती त्यास दिसावी तरी कशी?

अशा प्रसंगीं कायद्यांत दोन मार्ग आहेत, आणि त्यांत गल्लत होतां कामा नये. पूर्वापार चालू असलेली वाट कोणी अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणें तहसीलदाराकडे दावा करितां येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत केला पाहिजे. शेतास जाण्यास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणें इतरांच्या जमिनींच्या हद्दीवरून, म्हणजे बांधांवरून, वाट मागतां येते. तेथें तहसीलदार शेतकऱ्याची वाजवी गरज पाहतो. पहिल्या प्रकरणांत वाट होती हें दाखवावें लागतें आणि तेथें जुन्या कागदांतील ‘गाडवाट’ हा शब्द, गांवचा नकाशा व वृद्ध मंडळींची साक्ष हीं उपयोगीं पडतात. दुसऱ्या प्रकरणांत गरज दाखवावी लागते. गांवच्या चार शहाण्या माणसांसमोर हा प्रश्न मिटला तर त्याहून उत्तम. परंतु तो मिटल्यावर कागद करण्यास विसरूं नये.

नवा कागद करतांना नुसतें “गाडीची वाट” असें लिहून थांबूं नये. वाट कोणत्या गटांतून, कोणत्या बांधावरून, किती फूट रुंद, बारमाही कीं सुगीनंतरची, आणि तिजवरून बैलगाडीखेरीज ट्रॅक्टर, टेम्पो यांसारखीं वाहनें जातील कीं नाहीं, हें सर्व स्पष्ट नमूद करावें. आपल्या वाडवडिलांस एक शब्द पुरत असे, कारण त्यांच्या काळीं गाडी एकाच जातीची होती व शेजारी तेच ते होते. आपल्या नातवांस तो पुरणार नाहीं.

‘शकट’ हा शब्द नाणेघाटाच्या कातळांत दोन हजार वर्षें टिकला, कारण तो कोरून ठेविला होता. ज्या वाटा केवळ बोलण्यांत होत्या त्या एका पिढींत बुजल्या. आपल्या घरच्या दफ्तरांत हा शब्द कोठें कोठें आला आहे तें पुढील पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें पाहून ठेवावें, एवढेंच सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.